तीनच पसंतीक्रम

घोडपदेवच्या वाचनालयात दर जूनला बीट्रिसबाई परेरांचं टेबल लागायचं. वाचनालय म्हणजे नावालाच. दोन वर्तमानपत्रं, एक कॅरमबोर्ड आणि कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान. पण दहावीचा निकाल लागला की मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र कॅरमबोर्ड भिंतीला उभा करायचा, टेबल पुसायचा, आणि बीट्रिसबाई माथारपाखाडीतल्या आपल्या घरून लॅपटॉप घेऊन चालत यायच्या. एकतीस वर्षं त्यांनी भायखळ्याच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे काढली होती. रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खिडकीच्या आत जे दोन मिनिटांत कळतं, ते बाहेर उभ्या असलेल्याला महिनाभर कळत नाही. मग त्या बाहेर येऊन बसल्या.

अकरावीचं आता सगळं ऑनलाइन. दहा कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायची, फॉर्म लॉक करायचा आणि यादीची वाट बघायची. बीट्रिसबाईंचा मंत्र ठरलेला होता. वरची तीन स्वप्नातली, मधली चार मार्कांच्या आवाक्यातली, आणि खालची तीन अशी की आभाळ कोसळलं तरी मिळायला हवीत. त्यांनी भरलेल्या फॉर्मला पहिल्या फेरीत कॉलेज मिळालं नाही असं आजवर झालं नव्हतं. ही गोष्ट त्या स्वतः कधी बोलायच्या नाहीत, पण हितेंद्र सगळ्यांना सांगत फिरायचा.

या वर्षी अठ्ठावीस मुलं होती. पहिल्या फेरीची यादी लागली त्या सकाळी दहा वाजता त्या टेबलाशी बसल्या आणि एकेक नंबर टाकत गेल्या. रुपारेल. कीर्ती. एकाला थेट रुईया. त्याच्या आईने तिथल्या तिथे डोळ्यांना पदर लावला. सत्तावीस नावांपुढे टिकमार्क झाली. अठ्ठाविसावं नाव मेघना राजेश घाडी. शहाऐंशी टक्के, सायन्स. बीट्रिसबाईंनी नंबर टाकला आणि स्क्रीनवर ओळ आली: या फेरीत महाविद्यालय मिळालेलं नाही.

त्यांनी चष्मा बदलला. पुन्हा नंबर टाकला. तीच ओळ.

शहाऐंशी टक्क्यांना दहातलं एकही कॉलेज मिळू नये? त्यांनी मेघनाचं लॉगिन उघडलं. फॉर्मवर दहा नावं नव्हतीच. तीनच होती. वरची तीन, स्वप्नातली. त्यांची यादी दरवर्षी त्र्याण्णवच्या वर थांबायची. खालच्या सात जागा कोऱ्या होत्या.

बीट्रिसबाईंना तो दिवस स्वच्छ आठवला. मेघना आणि तिचे वडील समोर बसले होते. सर्व्हर कासवाच्या चालीने चालला होता. दहाही नावं बीट्रिसबाईंनी स्वतः भरली होती, पण पान गोल गोल फिरत राहिलं, बाहेर आणखी सहा जण थांबले होते, म्हणून त्या म्हणाल्या, "संध्याकाळी गर्दी कमी होईल, तेव्हा घरून फक्त लॉकचं बटण दाब, बाय." एरवी लॉक केल्याशिवाय आणि प्रिंट हातात दिल्याशिवाय त्या कुणाला उठू देत नसत. त्या दिवशी उठू दिलं. म्हणजे शेवटची सात नावं सेव्ह झालीच नव्हती, आणि ते आपण बघितलं नाही.

दुपारी राजेश घाडी आला. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो लिफ्टमन होता. बावीस वर्षं झाली होती. त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती, ड्यूटीवर जायच्या आधी खाकी शर्टातच आला. मेघनाची आई कमल लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जायची, तिच्या मोबाइलवर मेसेज गेला होता, त्यामुळे त्याला बातमी कळलेली होती.

"मॅडम, हे असं कसं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं बीट्रिसबाईंना वाटलं.

"चूक माझी आहे, राजेश," त्या म्हणाल्या. "सात नावं सेव्ह झाली नाहीत. मी तपासायला हवं होतं."

राजेश खुर्चीवर टेकला.

"बावीस वर्षं डॉक्टरांना वर-खाली नेतोय," तो म्हणाला. "रोज मनात म्हणायचो, एक दिवस हिला घेऊन जाईन. पांढऱ्या कोटात. सायन्सच नाय मिळालं तर..."

"मिळेल. दुसरी फेरी आहे. फॉर्म मी नव्याने भरीन, या वेळी डोळ्यांत तेल घालून."

"हो," राजेश म्हणाला. मग उठताना त्यांच्याकडे न बघता, "तुम्ही मुद्दाम केलं नाय, माहित्येय," एवढं बोलून तो गेला. ते वाक्य बीट्रिसबाईंना दिवसभर टोचत राहिलं.

गोष्ट आजूबाजूच्या चाळींत पसरायला वेळ लागला नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी दोन आया आपापल्या मुलांचे फॉर्म पुन्हा बघून घ्यायला आल्या. "सहज हां, आन्टी. एकदा डोळ्याखालून घाला." बीट्रिसबाईंनी घातले. सगळे बरोबर होते. तरी प्रत्येक बटण त्या दोनदा बघून दाबायच्या.

घरी त्यांच्या यजमानांना, ऑस्टिनना, माझगाव डॉकमधून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांनी बायकोला दोन दिवस ताटातला भात चिवडताना पाहिलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक असणार. एवढी मशीनं, एवढी पोरं."

"कॉम्प्युटर चुकत नाही, ऑस्टिन. बोट चुकतं."

"एकतीस वर्षांत एक बोट चुकलं, तर देवसुद्धा माफ करेल."

"देवाला ॲडमिशन नको आहे," बीट्रिसबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

एक आठवडा असा गेला. आपलं वय झालं, या वर्षी शेवटचं, पुढच्या जूनला हितेंद्रला दुसरं कुणी बघायला सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. दुसऱ्या फेरीचे पसंतीक्रम भरायची मुदत सुरू झाली तेव्हा त्यांनी मेघनाला टेबलाशी बोलावलं नाही. चूक आपली, तर पायऱ्या आपण चढायच्या, म्हणून सकाळी अकराला त्या स्वतः लॅपटॉप घेऊन घाड्यांच्या खोलीवर गेल्या. तिसरा मजला, शेवटून दुसरी खोली. कमल आणि राजेश कामावर गेलेले होते. दार मेघनाने उघडलं. लांब वेणी घातलेली, सोळाव्या वर्षात लागलेली, फारसं न बोलणारी मुलगी. त्यांना बघून ती अशी दचकली, की जणू दारात पोलिस उभे आहेत.

"या ना आन्टी," ती म्हणाली आणि घाईघाईने जमिनीवरचं काहीतरी सरकवू लागली.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर एक पांढरं यंत्र उघडून ठेवलेलं. लहान मुलांना दम लागला की वाफ द्यायला वापरतात ते. त्याच्या शेजारी इडलीचं एक ताट होतं, आणि ताटातल्या प्रत्येक वाटीत वेगवेगळ्या मापाचे स्क्रू मांडलेले होते.

"हे काय गं?"

"नेब्युलायझर. खालच्या प्रितीताईंच्या बाळाचा. बंद पडला होता." मेघना आधी एवढंच म्हणाली. मग बीट्रिसबाई वाकून बघतायत असं पाहिल्यावर तिला राहवलं नाही. "मोटर चांगली आहे. सगळ्यांना वाटतं मोटर जळली. पण आतला रबराचा पडदा कडक झालाय, म्हणून हवा ढकलतच नाही. हा बघा. भायखळ्याला एका दुकानात असला पडदा मिळाला, पण तो एका सुताने मोठा आहे, म्हणून कडेने कापतेय. जास्त कापला तर हवा गळेल." ती बोलत होती, दाखवत होती, पुन्हा बोलत होती. त्या दिवशी टेबलाशी ही मुलगी पाऊण तास बसली होती आणि तिच्या तोंडून दोन वेळा 'हो' आणि एकदा 'नाही' याव्यतिरिक्त काही निघालं नव्हतं.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पप्पांच्या हॉस्पिटलात लहानपणापासून जाते. तिथे मशीन दुरुस्त करणारे साहेब आहेत, ते करताना बघत बसायचे." आणि ती एकदम गप्प झाली. नको तिथे पाय पडल्यासारखी.

बीट्रिसबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. लॅपटॉप उघडायच्या आधी बोलून टाकावं, असं त्यांना वाटलं.

"हे बघ, बाय. तुझ्या पप्पांना सांगितलं, पण तुला सांगायचं राहिलं. माझ्या हलगर्जीपणामुळे तुझी पहिली फेरी गेली. तुझ्याबरोबरच्या मुलांना कॉलेजं लागली आणि तू बसून राहिलीस. मला फार वाईट वाटतंय. मला माफ कर."

मेघनाच्या हातातला पेचकस इडलीच्या ताटात पडला. स्क्रू उडाले. ती ते गोळा करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. खांदे हलायला लागले तेव्हा बीट्रिसबाईंना कळलं की ती रडते आहे.

"अगं, अगं..."

"तुमची चूक नव्हती, आन्टी," ती तोंड न दाखवता म्हणाली. "दहाही नावं सेव्ह झाली होती. मीच काढली. संध्याकाळी लॉक करायच्या आधी आईच्या मोबाइलवरून सात नावं काढली, तीन ठेवली आणि मग लॉक केलं."

बीट्रिसबाई ऐकत राहिल्या. आठवडाभर छातीवर ठेवलेली पाटी कुणीतरी उचलून घेतली होती. आपलं बोट चुकलं नव्हतं. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, आणि समोर मुलगी रडत असताना आपल्याला इतकं हलकं वाटतंय याची त्यांना लाजही वाटली. राग त्याच्या मागून आला.

"आठ दिवस!" त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी जेवले नाही नीट. तुझ्या वडलांसमोर मान खाली घालून उभी राहिले. आणि तुला एकदाही वाटलं नाही, येऊन सांगावं?"

"रोज वाटलं. रोज वाचनालयाच्या दारापर्यंत येऊन परत जायचे."

"पण का केलंस हे?"

मेघनाने ओढणीने डोळे पुसले. "कुठलंच कॉलेज मिळालं नाही, तर पप्पा म्हणतील, आता दुसरं काहीतरी बघू. मग मी सांगणार होते. मला डिप्लोमा करायचाय. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स. दहावीनंतर तीन वर्षं. हॉस्पिटलातली मशीनं असतात ना, त्यांचं. मला डॉक्टर नाही व्हायचं, आन्टी. पाठांतर होत नाही माझ्याने, आणि रक्त बघितलं की मला गरगरतं. पण तुम्ही सांगितलं चूक तुमची, आणि पप्पा म्हणाले दुसऱ्या फेरीत सायन्स मिळेल. मग सगळंच अडकलं."

"हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी तिथे कशाला बसते?"

उद्धटपणा नव्हता मेघनाच्या आवाजात, नुसतं खरं होतं. "तुम्ही मला विचारलंच नाही, आन्टी. तुम्ही पप्पांना विचारलंत, 'सायन्स ना?' पप्पा हो म्हणाले."

तसंच झालं होतं. फॉर्म मुलीचा, मार्क मुलीचे, आणि प्रश्न मात्र बीट्रिसबाईंनी वडलांच्या तोंडाकडे बघून विचारला होता. सात नावं त्यांनी घालवली नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या हातून सुटली होती, आणि ती कुठल्या बटणाने दुरुस्त होणारी नव्हती. त्यांनी लॅपटॉप उघडला, पण अकरावीचं पान काढलं नाही. डिप्लोमाच्या प्रवेशाचं काढलं. नोंदणीची शेवटची तारीख वाचली आणि कपाळाला हात लावला.

"उद्या संध्याकाळी पाच."

मेघनाचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं अजून आठवडा आहे. आन्टी, आत्ता भरूया ना! नंतर सांगू पप्पांना."

"अजिबात नाही," बीट्रिसबाई म्हणाल्या. "लपवून एक फॉर्म लॉक केलास, त्याने काय झालं ते बघतेयस. शिवाय इथल्या नोंदणीला वडलांचा नंबर द्यायचा, ओटीपी त्यांच्याकडेच जाणार. ऊठ, तोंड धू. चल हॉस्पिटलात."

राजेशची लिफ्ट मागच्या इमारतीत होती, स्ट्रेचर नेण्याची, मोठी. ड्यूटी चारला सुटणार होती आणि आत्ता कुठे साडेबारा वाजत होते. त्या दोघींना लिफ्टच्या दारात बघून राजेश स्टुलावरून उठलाच. "काय झालं? कमल बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. मेघनाला काहीतरी सांगायचंय," बीट्रिसबाई म्हणाल्या. "तू जागा सोडू नकोस. आम्ही आत येतो."

अशा रीतीने ते बोलणं त्या लिफ्टमध्येच झालं. तळमजला ते सहावा, सहावा ते तळमजला. पहिल्या फेरीत एक स्ट्रेचर होतं, त्याबरोबर वॉर्डबॉय आणि एक रडवेली बाई. कुणीच तोंड उघडलं नाही. चौथ्यावर स्ट्रेचर उतरलं, दार लागलं, आणि मेघना एका दमात म्हणाली, "पप्पा, ती सात नावं मी काढली. आन्टींची चूक नाही."

राजेश दरवाजाकडे बघत राहिला. पाचव्या मजल्यावर दोन नर्सा हसत आत शिरल्या. त्यांना सहाव्यावर जायचं होतं. त्या उतरेपर्यंत आपली हनुवटी हलू नये म्हणून मेघनाने ओठ घट्ट मिटून धरले होते.

"का?" दार लागल्यावर राजेशने विचारलं.

तिने सांगितलं. मजल्यामजल्याने सांगितलं. माणसं चढली की थांबायची, उतरली की पुढे. डिप्लोमा, मशीनं, रक्ताची गरगर, पाठांतर. तिसऱ्या मजल्यावर डबा घेतलेले एक आजोबा चढले, त्यांना बाळंतपणाचा वॉर्ड हवा होता. राजेशने नेहमीच्या आवाजात त्यांना वाट सांगितली, "डावीकडे वळा आणि निळ्या पट्टीच्या मागोमाग जा बाबा." मग पुन्हा दार लागलं आणि तोच आवाज पार बदलून गेला.

"घरात सांगता आलं नाही तुला? मी मारलं असतं काय?"

"नाही, पप्पा," मेघना म्हणाली. "तुम्ही रडला असता."

लिफ्ट तळमजल्यावर आली. बाहेर पाच-सहा माणसं उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा असावं, राजेशने हात वर करून त्यांना थांबवलं. "दोन मिनिटं. पुढच्या लिफ्टने या." दार लावलं, आणि लिफ्ट तिथेच उभी ठेवली. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मुलीचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते त्यालाही कळलं असावं, कारण रडता रडता तो किंचित हसला.

"मशीनवाले म्हणजे आपल्या ॲलिस्टर साहेबांसारखं?" त्याने विचारलं.

"हो."

राजेश बीट्रिसबाईंकडे वळला. "मॅडम, गेल्या महिन्यात आयसीयूतला मॉनिटर बंद पडला. चार डॉक्टर नुसते उभे. सगळ्यांचं तोंड ॲलिस्टर साहेबांकडे. मी त्यांना वर नेलं होतं, धावत आले होते ते." त्याने मजल्यांच्या बटणांकडे पाहिलं. "पण त्यांना डॉक्टर नाय म्हणत कुणी."

"नाही म्हणत," बीट्रिसबाई म्हणाल्या. त्यांना गोड खोटं बोलायचं नव्हतं. "पगार सुरुवातीला डॉक्टरएवढा नसेल. पण तीन वर्षांनी हिच्या हातात काम असेल, पुढे शिकायचं तर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि हिला ते आवडतं. मी सकाळी हिला बोलताना ऐकलं, राजेश. तू ऐकलं असतंस तर डॉक्टरचं नाव काढलं नसतंस."

बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली. राजेशने लक्ष दिलं नाही. तो मेघनाकडे बघत होता.

"त्या आठ दिवस तुझी चूक डोक्यावर घेऊन फिरल्या. माफी मागितलीस त्यांची?"

मेघनाने मान खाली घातली. मागितली नव्हती. तिने तिथेच बीट्रिसबाईंच्या पायाशी वाकायचा प्रयत्न केला. लिफ्टमध्ये जागा नव्हती, आणि बीट्रिसबाईंनी तिला मध्येच धरून छातीशी घेतलं. "पुरे, पुरे. उद्या पाचच्या आत फॉर्म जाऊ दे, मग माफ."

"उद्या मी सुट्टी टाकतो," राजेश म्हणाला आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिघंही वाचनालयात हजर होते. कमलने पत्र्याच्या ट्रंकेतून सगळे कागद काढून दिले होते: मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि स्वतःचं आधार कार्ड. तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं तेव्हा ती लेकीकडे बघत नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "माका ठाऊक होता. मिक्सर बिघाडलो की ह्या चेडवाच्या डोळ्यांत उजेड पडता." मग तू बोलली का नाहीस, असं राजेशने विचारल्यावर म्हणाली, "तू इचारलंस काय?"

राजेशच्या मोबाइलवर ओटीपी आला. त्याने आकडे मोठ्याने वाचले, मेघनाने टाइप केले. या वेळी लॅपटॉप तिच्याकडे होता आणि बीट्रिसबाई शेजारी. दुपारपर्यंत नोंदणी झाली. आता कागद दाखवायला केंद्रावर जायचं होतं, टॅक्सीने. साडेतीनला ते तिथे पोचले. रांग होती. सव्वाचारला खिडकी आली.

खिडकीतल्या तरुण कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि मान हलवली. "मार्कशीटवर आईचं नाव कमल आहे. शाळेच्या दाखल्यावर कमळ. जुळत नाही. शाळेतून दुरुस्त करून आणा."

"आता सव्वाचार वाजले," राजेशचा आवाज फुटला.

"त्याला मी काय करू?"

बीट्रिसबाई पुढे झाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं होतं, याचा हिशोब नव्हता. खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्यांना आज कळत होतं. पण त्यांना आणखीही एक माहीत होतं. त्या वाक्यामागे बहुतेक वेळा दुष्टावा नसतो, भीती असते. उद्या कुणी विचारलं तर आपली मान अडकेल, ही भीती.

"बेटा, तुझ्यावर काही येणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही हमीपत्र लिहून देतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, आईचं आधार कार्ड सोबत जोडतोय, दुरुस्त दाखला प्रवेशाच्या वेळी सादर करू. खाली वडलांची सही. तू शेरा मार, 'हमीपत्रावर स्वीकारलं'. वरच्या साहेबांना एकदा विचारून ये हवं तर. आम्ही इथेच आहोत."

कारकून त्यांच्याकडे बघत राहिला. "तुम्ही कुठे होता मॅडम?"

"खिडकीत," बीट्रिसबाई म्हणाल्या.

तो उठून आत गेला. राजेश ओठांतल्या ओठांत भराडी आईचं नाव घेत होता. बीट्रिसबाईंची बोटं पर्समधल्या जपमाळेवर होती. कारकून परत आला, कागद पुढे ओढला आणि शिक्का उचलला. पाचला वीस मिनिटं कमी असताना राजेशच्या मोबाइलवर मेसेज आला: अर्ज निश्चित.

मेघना पायरीवर मटकन बसली आणि हसायलाच लागली. राजेशही तिच्या शेजारी बसला. बीट्रिसबाईंना एकदम आठवलं की सकाळपासून कुणी काही खाल्लेलं नाही.

पुढचे तीन आठवडे वाट बघण्याचे होते, पण ती वाट वेगळी होती. अकरावीच्या फेऱ्या चालूच राहणार होत्या, म्हणजे पाठीमागचे दोर कापलेले नव्हते. मेघनाने दाखला शाळेतून दुरुस्त करून आणला. डिप्लोमाचे पसंतीक्रम तिने स्वतः लिहिले, कागदावर आधी, खाडाखोड करून. बीट्रिसबाईंनी फक्त एक बदल सुचवला आणि तोही तिला पटल्यावरच केला. पुढच्या फेऱ्यांसाठी टेबलाशी नवी मुलं येत होती, तेव्हा त्यांनी एक नवा नियमही केला. आईबापांना पहिली दहा मिनिटं बाहेरच्या कुशाबाच्या टपरीवर चहा प्यायला पाठवायचं आणि मुलाशी एकट्याशी बोलायचं. काहींना राग यायचा. बीट्रिसबाई ऐकायच्या नाहीत. त्या दहा मिनिटांत एका मुलाला गुजराती मित्रांबरोबर राहायला मिळावं एवढ्यासाठी कॉमर्स हवं होतं असं कळलं, आणि एका मुलीला खरोखरच डॉक्टर व्हायचं होतं. सगळ्या मुलांच्या पोटात काही गुपित नसतं. पण विचारल्याशिवाय ते कळणार कसं?

डिप्लोमाच्या पहिल्या फेरीत मेघनाला काही मिळालं नाही. त्या दिवशी राजेशने फोन केला, तेव्हा त्याचा आवाज स्थिर होता. "कळलं मॅडम. पाच मार्कांनी हुकलं. दुसरी आहे ना." दुसऱ्या फेरीत तिसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलं. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स, आणि रोज जाऊन येण्यासारखं. शुक्रवारी कमल कामाचा खाडा करून लेकीबरोबर प्रवेश पक्का करायला गेली.

बीट्रिसबाई त्या दिवशी टेबलाशी गेल्या नाहीत. घरीच होत्या, पण कशात लक्ष लागत नव्हतं. ऑस्टिननी बाजारातून बांगडे आणले होते, ते तसेच ओट्यावर पडून होते. दीडच्या सुमारास फोन वाजला.

"बाई!" कमलचा आवाज इतका मोठा होता, की पलीकडच्या खोलीत ऑस्टिननाही ऐकू गेला. "झाला! पावती गावली! चेडवाचा काम झाला!" मागून मेघना काहीतरी ओरडत होती, रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते, आणि मग मेघनाने फोन हिसकावून घेतला. "आन्टी, लॅब बघितली! दरवाजातून बघितली, आत नाही सोडलं. तिथे एक जुनं एक्स-रे मशीन उघडून ठेवलंय!"

"बरं, बरं. आधी काही खा," बीट्रिसबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. बांगडे धुतले, तिखट-मीठ लावलं, तव्यावर टाकले. दोघं जेवायला बसली. बीट्रिसबाईंनी भात दोनदा वाढून घेतला. ऑस्टिन बघत होते, पण शहाण्या नवऱ्यासारखे काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्या नुसतं जरा टेकते म्हणून आडव्या झाल्या, आणि महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना दुपारी गाढ झोप लागली. चारला हितेंद्रचा फोन आला, उद्या टेबल लावायचं ना विचारायला. ऑस्टिननी तो उचलला, दारापर्यंत जाऊन झोपलेल्या बायकोकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "लाव. येईल ती."